कळा सुरू झाल्यावर: कधी थांबावे, कधी धावावे

प्रसूतिगृहाच्या दारात टॅक्सी थांबली की केसपेपर निघण्याआधी मी तीन प्रश्न विचारते: पाणी गेले का, रक्त जाते आहे का आणि बाळ हलते आहे का. कळा किती जोरात येत आहेत हे मी त्यानंतर विचारते. बरोबर आलेल्या मंडळींना हा क्रम उलटा वाटतो, कारण लालबागहून किंवा वरळीहून निघताना त्यांनी फक्त कळाच पाहिलेल्या असतात. गिरणगावातल्या एका लहान प्रसूतिगृहात तेवीस वर्षे परिचारिका-प्रसाविका म्हणून काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, घरच्यांच्या हातून जे चुकते ते बहुतेक वेळा वेळेच्या बाबतीत चुकते. जिथे शांतपणे थांबायचे तिथे सारे घर धावते, आणि जिथे पायात चप्पल सरकवून निघायचे तिथे ‘सकाळ होऊ द्या, मग बघू’ असे म्हटले जाते. म्हणून कोणत्या क्षणी काय करावे, हे येथे क्रमाने लिहीत आहे.

तारखेपासून सुरुवात करू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख मिळते. पाळी १० जूनला आली असेल तर प्रसूतीची तारीख १७ मार्चच्या आसपास येते. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक भरवशाची असते, शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरची नव्हे. दिवस भरले म्हणजे त्याच दिवशी कळा आल्या पाहिजेत असे नाही. ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर येणारे बाळ पूर्ण दिवसांचे मानतात, आणि तारखेच्या आठवडाभर मागेपुढे प्रसूती होणे ही नेहमीची गोष्ट आहे. मात्र तारीख उलटून गेल्यावर घरी स्वस्थ बसू नये. एक्केचाळीस आठवडे पूर्ण होण्याआधी डॉक्टरांना दाखवून पुढचे ठरवून घ्यावे.

नाव कुठे नोंदवायचे हेही आधीच ठरलेले असावे. आमच्यासारख्या लहान प्रसूतिगृहात साधी, सरळ बाळंतपणे होतात. आधीचे सिझेरियन, जुळी, पायाळू किंवा आडवे मूल, खाली सरकलेली वार, १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब, सातच्या खाली गेलेले हिमोग्लोबिन, यांपैकी एकही नोंद कार्डावर असेल तर ज्या रुग्णालयात रक्तपेढी आणि शस्त्रक्रियेची सोय चोवीस तास आहे तिथेच नाव घालावे. मुंबईत परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक, विलेपार्ल्याचे कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. सीएसएमटीजवळचे कामा रुग्णालय १८८६ पासून खास स्त्रियांसाठी आहे, आणि परळचे नवरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. आमच्या भागात आजी, आई आणि नात अशा तिघी ‘वाडियातल्या’ असलेली घरे आजही भेटतात. सरकारी संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण हे सर्व जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून विनामूल्य आहे, तेव्हा खर्चाच्या भीतीने नाव नोंदवणे लांबवू नये.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मुंबईत फार घडते. सातव्या महिन्यात ओटीभरण झाले की मुलगी माहेरी जाते. इथली कोकणात, कोकणातली इथे. कपड्यांच्या तीन पिशव्या बरोबर येतात आणि तपासणीचे कार्ड सासरच्या कपाटात राहते. चिपळूणहून आलेली एक पहिलटकरीण रात्री दोन वाजता आमच्याकडे आली, तेव्हा तिचा रक्तगट तिच्या आईला, भावाला आणि तिला स्वतःलाही ठाऊक नव्हता. तिचा रक्तगट निगेटिव्ह निघाला. आईचा निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर पुढच्या गर्भारपणात बाळाला धोका संभवतो. तिला ते वेळेवर मिळाले. पण ती माहिती आम्हाला तिच्या बोटातून रक्त काढून मिळाली, पिशवीतून नव्हे. म्हणून कार्ड, सर्व सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद आणि आधार कार्ड एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ती फाइल आठव्या महिन्यापासून दाराजवळच्या खिळ्यालाच अडकवून ठेवावी.

आता कळांकडे वळते. शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून दगडासारखे होते आणि सैल पडते. या खोट्या कळा होत. त्या कधी दहा मिनिटांनी येतात, कधी चाळीस मिनिटांनी; उठून चालले, कूस बदलली, पाणी प्यायले, लघवीला जाऊन आले की विरून जातात. खऱ्या कळा कशानेही थांबत नाहीत. त्या बहुधा कमरेत मागून सुरू होतात, पुढे ओटीपोटात येतात, दोन कळांमधले अंतर कमी कमी होत जाते आणि प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा अधिक टिकते. त्यांच्या जोडीला किंवा एखादा दिवस आधी चिकट, किंचित रक्ताची छटा असलेला स्राव जातो, तो गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला बुच सुटल्याचा असतो. तेवढ्यावरून घाबरून निघायचे कारण नसते.

कळा मोजताना घड्याळ आणि हात दोन्ही लागतात. बाईला डाव्या कुशीवर किंवा उशांना टेकवून बसवावे आणि तळहात पोटाच्या वरच्या भागावर, बेंबीच्या वर, सपाट ठेवावा, दाबू नये. कळ यायला लागली की बाई बोलायच्या आधी हाताला कळते. पोट वर उचलल्यासारखे होते आणि घट्ट होऊ लागते. त्या वेळी बोटांच्या टोकांनी हलकेच दाबून पाहावे. पोट नाकाच्या शेंड्यासारखे लागले तर कळ सौम्य आहे, हनुवटीसारखे लागले तर मध्यम आणि कपाळासारखे लागले, बोट मुळीच आत जाईना, तर कळ जोराची आहे. पोट घट्ट होऊ लागल्यापासून सैल पडेपर्यंतचे सेकंद म्हणजे कळेची लांबी. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या कळेच्या सुरुवातीपर्यंतची मिनिटे म्हणजे अंतर. पुष्कळ जण एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचे अंतर सांगतात आणि हिशेब चुकवतात. हल्ली मोबाईलवर कळा मोजणारी ॲप्स आहेत, ती वापरण्यास हरकत नाही, परंतु बटण दाबणारा जर शेजारच्या खोलीतून ‘आली का?’ असे विचारून दाबत असेल तर त्या आकड्यांवर मी विसंबत नाही.

पहिलटकरणीच्या कळा दर पाच मिनिटांनी येत असतील, प्रत्येक कळ मिनिटभर टिकत असेल आणि हे तासभर चालले असेल तर निघावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला एवढे थांबू नये. कळा नियमित झाल्या की निघावे, कारण पहिल्या वेळी जो पल्ला बारा तासांत गाठला तो या वेळी तीन तासांतही गाठला जाऊ शकतो. याच्या बरेच आधी आलेल्या पहिलटकरणीला आम्ही तपासतो, बाळाचे ठोके ऐकतो आणि सर्व ठीक असेल, घर जवळ असेल तर परत पाठवतो. त्यावर मंडळी रागावतात. ‘सिस्टर, एवढ्या रात्री आणलं आणि तुम्ही परत धाडता?’ असे एका सासूबाईंनी मला सुनावले होते, आणि त्यांचे म्हणणे मला समजतही होते. तरीही घरच्या मोरीत, घरच्या खाटेवर, आपल्या माणसांत घालवलेले ते सुरुवातीचे तास वॉर्डातल्या तासांपेक्षा बाईला सोपे जातात. लवकर आलेल्या बाईच्या मागे ‘अजून कशी होत नाही?’ हा प्रश्न लवकर लागतो आणि त्या प्रश्नामागून नको ते उपाय येतात.

मुंबईत निघण्याची वेळ ठरवताना रस्ताही हिशेबात घ्यावा लागतो. पावसाळ्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की हिंदमाता, शीव, मिलन सबवे या भागांत पाणी साचते. भरतीच्या वेळा महापालिका आधी जाहीर करते, त्या शेवटच्या महिन्यात घरातल्या एकाने लिहून ठेवाव्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ज्यांचे दिवस भरले होते त्यांच्या घरी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना मुंबईकराला वेगळी द्यावी लागत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, गर्भवतींच्या ने-आणीसाठी १०२ आहे. लोकलने येण्याची वेळ आलीच तर दिव्यांगांच्या डब्यात गर्भवती स्त्रीला बसता येते. एवढे असूनही संध्याकाळच्या गर्दीत कळा देणाऱ्या बाईला दादरचा जिना चढवण्यापेक्षा टॅक्सीचे पैसे द्यावेत असेच मी सांगेन.

हे सर्व झाले साध्या कळांचे. पुढच्या गोष्टींमध्ये कळा मोजत बसायचे नाही.

पाणमोट फुटली, म्हणजे पाणी गेले, की कळा असोत वा नसोत, निघावे. पाणी स्वच्छ, किंचित पांढुरके असेल तर शांतपणे निघावे. हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने आतच शी केलेली असते आणि तेव्हा चहा करण्याइतकाही वेळ घालवू नये. पाणी गेल्यावर पांढरे, स्वच्छ फडके किंवा पॅड लावावे, म्हणजे आम्हाला रंग पाहता येतो. गडद रंगाचा परकर या बाबतीत काहीच सांगत नाही. पाण्याबरोबर नाळेचा लोंबता भाग बाहेर आला, ही फार क्वचित घडणारी पण अत्यंत गंभीर गोष्ट आहे. अशा वेळी तो आत ढकलू नये; बाईला गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, कंबर उंच ठेवून राहण्यास सांगावे, जेणेकरून बाळाच्या डोक्याचा दाब नाळेवर कमी पडेल, आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे.

चिकट स्रावाऐवजी पाळीसारखे किंवा त्याहून अधिक रक्त जाणे, कळेच्या मधल्या वेळातही पोट सैल न पडणे, डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या येणे, पोटात वरच्या बाजूला दुखणे, झटका येणे, ताप, ३७ आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या नियमित कळा, यांतले काहीही दिसले की निघावे. बाळाच्या हालचालीबद्दल मी थोडे अधिक बोलते, कारण त्या बाबतीत समजुतीच्या गोष्टी फार पसरल्या आहेत. ‘दिवस भरले की बाळ खाली सरकते आणि हलायचे कमी होते’ हे वाक्य मी शेकडो आज्यांच्या तोंडून ऐकले आहे. हालचालीची तऱ्हा बदलते हे खरे. लाथ मारण्याऐवजी बाळ वळते, सरकते. पण ते हलायचे कमी होत नाही. नेहमीपेक्षा कमी हलते आहे असे आईला वाटले तर काही खाऊन, डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यावे, आणि तरीही मन साक्ष देत नसेल तर त्याच दिवशी येऊन ठोके ऐकून घ्यावेत. असे म्हणत आलेल्या बाईला आमच्याकडे कोणी ‘उगाच आलीस’ म्हणत नाही. म्हटलेच तर ते म्हणणाऱ्याचे चुकले.

बरोबर आणण्याच्या सामानावर फार लिहीत नाही. धुतलेली, उन्हात वाळवलेली जुनी सुती लुगडी किंवा दुपटी, बाळाची टोपी आणि मोजे, पॅड, पुढून उघडणारा गाऊन, पाण्याची बाटली, बिस्किटे, खजूर. सोन्याच्या बांगड्या घरी ठेवाव्यात. हिरवा चुडा असेल तर त्यातल्या डाव्या हातातल्या बांगड्या सलाइनसाठी वर सरकवाव्या लागतात, म्हणून त्या फार घट्ट नसाव्यात.

आत आल्यावर बाईबरोबर एक बाई राहू शकते. सरकारी संस्थांमध्ये प्रसूतीच्या वेळी सोबतीला नात्यातली स्त्री ठेवू द्यावी, अशा सूचना केंद्र सरकारने २०१६ साली दिल्या आहेत. ही सोबत कोणाची, हे बाईला विचारून ठरवावे, मान कोणाचा यावरून नव्हे. माझ्या अनुभवात चुलत जाऊ किंवा शेजारीण पुष्कळदा आईपेक्षा उपयोगी पडते, कारण आई मुलीच्या कळेबरोबर स्वतः रडू लागते. सोबतिणीने करायचे काम थोडे आहे, पण ते कष्टाचे आहे: कळ आली की कमरेच्या हाडावर तळव्याने घट्ट दाब द्यायचा, कळ गेली की पाणी पाजायचे, लघवीला न्यायचे, चालवायचे. आडवे पडून राहण्यापेक्षा उभे राहणे, चालणे, बाकावर टेकून वाकणे यांनी बाळ खाली येण्यास मदत होते. पाणी, सरबत, पेज, चहा चालतो. उपाशी ठेवण्याची पद्धत जुनी झाली, डॉक्टरांनी काही कारणाने मनाई केली असेल तेवढी पाळावी.

आम्ही त्या वेळात काय करतो, तेही माहीत असावे, म्हणजे ‘कोणी बघतच नाही’ असे वाटणार नाही. सक्रिय कळांत दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकतो. ते मिनिटाला ११० ते १६० असावेत. दहा मिनिटांत किती कळा आल्या ते मोजतो. आतली तपासणी साधारण चार तासांनी करतो, तासातासाला नाही, कारण प्रत्येक तपासणीबरोबर जंतू आत जाण्याची शक्यता वाढते. गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ कितीही लांबू शकतो आणि त्यापुढे प्रत्येक बाईचे तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे असे नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्टपणे मांडले. मी शिकत होते तेव्हा उलट शिकवले जात असे. कळांची प्रगती नोंदवण्याच्या तेव्हाच्या कागदावर तासाला एक सेंटिमीटरची जी तिरकी रेघ असे, ती ओलांडली गेली की आमच्या छातीत धडधडत असे, आणि त्या धडधडीपायी किती सलाइने लावली गेली असतील याचा मी आता विचार करत नाही.

या काळात बाहेरून एक मागणी हमखास येते: ‘कळांची सुई द्या आणि मोकळी करा.’ ते औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. कळा खरोखर मंदावल्या असतील तर डॉक्टर ते सलाइनमधून, थेंब मोजून देतात आणि देताना बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. तेच औषध प्रसूतीआधी दंडात किंवा कमरेत टोचले तर त्याचा जोर कमी करता येत नाही. कळेवर कळ येते, दोन कळांमध्ये बाळाला श्वास पुरेल एवढी उसंत मिळत नाही, आणि गर्भाशय फाटण्याचीही भीती असते. मागे एका खाजगी दवाखान्यातून अशी सुई टोचून आमच्याकडे पाठवलेल्या बाईच्या पोटावर मी हात ठेवला, तेव्हा मिनिटे उलटली तरी ते सैल पडेना. तिला डाव्या कुशीवर घेतले, सलाइन लावले, डॉक्टरांना बोलावले आणि तसेच मोठ्या रुग्णालयात नेले. दोघेही वाचले. तिच्या नवऱ्याने नंतर मला सांगितले की ती सुई त्यांनीच मागितली होती.

दुसरी मागणी पोटावर वरून दाब देण्याची. तो दाब आम्ही देत नाही आणि कोणी देऊ लागले तर नकार द्यावा. त्याने बरगड्या मोडू शकतात, गर्भाशयाला इजा होऊ शकते आणि बाळ लवकर येतेच असे नाही.

जोर लावण्याच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका रात्री एक तरुण बाई फार ओरडत होती, ‘शी लागली, शी लागली’ म्हणत होती. ती खूण बाळाचे डोके खाली आल्याची असते हे मी पाठ केलेले होते, म्हणून न तपासता मी तिला जोर लावायला सांगितले. अर्धा तास तिने जीव तोडून जोर लावला. मग वरिष्ठ सिस्टर आल्या, हातमोजा घातला, तपासले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘आठ सेंटिमीटर आहे. गर्भाशयाचं तोंड सुजवलंस तिचं.’ त्यांनी तिला कुशीवर वळवले, तिच्या तोंडासमोर आपला तळहात धरला आणि ‘बाळा, माझ्या हातावरची ही मेणबत्ती विझव बघू’ असे म्हणत प्रत्येक कळेला फुंकर घालायला लावली, कारण फुंकर घालताना जोर लावता येत नाही. सूज उतरायला दोन तास लागले. त्या दोन तासांत सिस्टर एकदाही खुर्चीवर बसल्या नाहीत आणि मलाही बसू दिले नाही.

म्हणून नियम असा: गर्भाशयाचे तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटिमीटर उघडल्याशिवाय जोर नाही. उघडल्यावरही बाईला आतून जोर यावासा वाटेपर्यंत थोडे थांबले तरी चालते. जोर कळेबरोबर लावायचा, कळ गेली की अंग सोडायचे. दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून, सगळ्यांनी एका सुरात ‘जोर, जोर’ ओरडून काही विशेष साधत नाही. पहिलटकरणीला या टप्प्याला तीन तासांपर्यंत, आधी बाळंतपण झालेलीला दोन तासांपर्यंत लागू शकतात. या काळात ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. डोके दिसू लागले, परत आत गेले, पुन्हा दिसले, असे व्हायचेच. त्या ये-जा करण्यातच तिथली कातडी ताणली जाते. प्रत्येकीला चिरा द्यावा लागत नाही. डोके टेकून स्थिर झाले की मी बाईला जोर बंद करून फुंकर घालायला सांगते आणि तळहाताने डोके धरून हळूहळू येऊ देते. इथे घेतलेल्या दोन मिनिटांनी नंतरचे चार टाके वाचतात.

बाळ बाहेर आल्यानंतरचा पहिला मिनिट मात्र घाईचा आहे. बाळाला आईच्या पोटावर घेऊन कोरड्या, ऊबदार कापडाने पाठ, डोके, हातपाय पुसायचे, ओले कापड लगेच बदलायचे. बहुतेक बाळे एवढ्यानेच रडतात. रडले नाही, श्वास घेतला नाही, तर त्याच पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी आणि मुखवट्याने श्वास द्यायला सुरुवात करायची असते. म्हणून ती पिशवी बाळ येण्याआधीच तपासून, मुखवटा बसवून, हाताशी ठेवलेली असते. कपाटात ठेवलेल्या पिशवीचा काही उपयोग नाही. उलटे धरून पाठीवर चापट्या मारण्याची रीत कधीच गेली. सोबतिणीने त्या वेळी ‘मुलगा की मुलगी’ विचारू नये. विचारतातच, पण विचारू नये.

बाळ रडले की घाई संपते. नाळ लगेच कापायची नाही. बोटांत धरली तर तिच्यातली धडधड जाणवते. मिनिटभर तरी थांबावे, म्हणजे वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पुढच्या काही महिन्यांत बाळाचे रक्त कमी पडत नाही. निळसर, जाड नाळ हळूहळू पांढरी आणि लुळी पडते, धडधड थांबते, मग चिमटा. त्याच मिनिटात आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिट दिले जाते. प्रसूतीआधी जी सुई घातक, तीच आता प्राण वाचवणारी असते, कारण तिच्यामुळे गर्भाशय आकसते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. वार साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत पडते. तिला ओढायचे नाही. ती पडल्यावर उलटून सुलटून पाहायची, एखादा तुकडा आत राहिला आहे का ते बघायचे. त्यानंतर बेंबीच्या खाली हात ठेवला की गर्भाशय नारळासारखे कडक लागले पाहिजे. मऊ लागले तर चोळायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. बाळंतिणीच्या सोबतिणीला मी हे हाताने दाखवून ठेवते, कारण पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी आम्ही पाहत असलो तरी त्यामधल्या चौदा मिनिटांत तिच्याजवळ तीच असते. पॅड अर्ध्या तासात पूर्ण भिजले, बाई फिकी पडली, तिला घाम सुटला, तर पंधरा मिनिटे पुरी होण्याची वाट पाहू नये.

पहिला तासभर बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून दोघांना मिळून एक पांघरूण, असे ठेवायचे. थोड्या वेळाने ते मान उचलते, तोंड उघडते, सरकते आणि स्तन शोधते. पाजण्याची घाई करून त्याचे तोंड दाबून धरू नये. त्याला शोधू द्यावे. पहिला चीक पिवळा आणि चमचाभरच असतो, म्हणून ‘दूध आलं नाही’ असे म्हणून मध, गुटी, साखरपाणी किंवा सोने उगाळून चाटवणे टाळावे. बाळाचे पोट त्या दिवशी तेवढ्याच चमच्याचे असते. मधाने तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. अंघोळ निदान चोवीस तास नको, आणि काजळ तर डोळ्यांत कधीच नको. त्याच दिवशी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांच्या आत कावीळ-बीची लस मिळाली की नाही, तसेच के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले की नाही, हे कार्डावर पाहून घ्यावे.

घरी निघण्याआधी आई लघवीला गेली आहे, बाळ लघवी-शी करते आहे आणि किमान चार-पाच वेळा नीट प्यायले आहे, हे आम्ही पाहतो. साध्या प्रसूतीनंतर ४८ तास थांबावे, अशी पद्धत आहे. घरी गेल्यावर शेकशेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, तेलमालीश हे सर्व होऊ द्यावे. चाळीच्या बंद खोलीत शेगडीचा धूर मात्र नको. आईला ताप, घाण वासाचा स्राव, वाढता रक्तस्राव, पायाच्या पोटरीत एका बाजूला सूज आणि दुखणे, डोकेदुखी किंवा झटका. बाळाला न पिणे, फार झोपणे, छाती आत ओढून श्वास घेणे, पहिल्याच दिवशी पिवळे पडणे, अंग गार लागणे. यांतले काहीही झाल्यास शेगडीपुढे बसू नये, परत आणावे. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत कधीही हे होऊ शकते.

जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत विनामूल्य होते, आणि प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर माहिती दवाखान्यातूनच नोंदणी कार्यालयाकडे जाते; आईवडिलांची नावे आणि पत्ता अचूक लिहिला आहे ना, हे अर्जावर सही करताना वाचून घ्यावे. ‘सिस्टर, नाव बारशाला ठरणार, आत्या अजून पुण्याहून यायची आहे,’ असे सांगून काही मंडळी अर्जच घेऊन जातात आणि मग तो अर्ज देवघरात पडून राहतो. तसे करू नये. नावाचा रकाना रिकामा ठेवून अर्ज द्यावा. बाळाचे नाव पुढे बारा महिन्यांच्या आत शुल्काशिवाय त्याच नोंदीत घालता येते.